रविवारी न दुखणारं पोट

प्रश्न एका आईचा आहे. पत्र मोठं आहे, थोडक्यात देते. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवसापासून रोज सकाळी बेंबीपाशी दुखतं म्हणून रडतो, कधी कोरडे उमाळे काढतो. व्हॅन निघून गेली की तासाभरात बरा. रविवारी दुखत नाही. दोन डॉक्टर झाले, जंताचं औषध दोनदा झालं, रक्त-लघवी व्यवस्थित आली, पण सोनोग्राफीत 'पोटात बारीक गाठी' निघाल्या आणि घर घाबरलं. आजी रोज दृष्ट काढतात. वडिलांना ही नाटकं वाटतात, एकदा त्यांनी हातही उचलला. सव्वा महिन्यात अकरा दिवस शाळा बुडाली. आई विचारते, "याला खरंच दुखतं की हा आम्हाला खेळवतोय? मी मऊ राहू की कडक होऊ?" आणि सही झाल्यावर खाली एक ओळ जोडली आहे: सासरे ऑक्टोबरमध्ये, सहामाहीच्या आठवड्यात अचानक गेले. मुलाचा पेपर होता म्हणून त्याला सांगितलं नाही, शाळेतून परस्पर मावशीकडे नेलं, पाच दिवसांनी घरी आणलं आणि 'आबा गावाला गेलेत' असं सांगितलं.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा त्या शेवटच्या ओळीपासून वाचलं. तिच्याकडे येतेच. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर: त्याला खरंच दुखतं.

मी अठ्ठावीस वर्षं मुलांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. सकाळी दुखणारी आणि दहा वाजता थांबणारी इतकी पोटं पाहिली आहेत की त्यातलं खोटं मला लगेच कळेल असं लोकांना वाटतं. पण खोटं फार क्वचित सापडतं. आपल्या भाषेला हे केव्हाचं ठाऊक आहे. पोटात गोळा येतो, पोटात खड्डा पडतो, भीतीनं पोटात कालवतं, असं आपण उगीच म्हणत नाही. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. माणूस घाबरला की आतड्यांची हालचाल बदलते, ती आवळतात, आणि एरवी जाणवणारही नाही अशी हालचाल दुखू लागते. मोठ्या माणसाला मुलाखतीच्या सकाळी तीनदा संडासला जावं लागतं, तेव्हा त्याला कुणी नाटकी म्हणत नाही. सात वर्षांच्या मुलाकडे 'मला काळजी वाटते' हे वाक्य अजून तयार नसतं. 'पोटात दुखतं' हे वाक्य तयार असतं, आणि ते खरंही असतं.

हे काही आजच्या मुलांचं नवीन खूळ नाही. ब्रिस्टलमध्ये जॉन ॲप्ली नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी एका सहकारी डॉक्टरबरोबर हजार शाळकरी मुलांची पाहणी केली होती आणि ती १९५८ साली प्रसिद्ध झाली. साधारण दर दहातल्या एका मुलाला असं परत परत पोट दुखण्याचा त्रास निघाला, आणि त्यातल्या बहुतेकांच्या शरीरात कुठला आजार सापडला नाही. बेंबीपासून दुखणं जितकं लांब, तितका आजाराचा संशय अधिक, हा त्यांचा ठोकताळा आम्ही डॉक्टर अजून वापरतो. तुमचा मुलगा बोट बेंबीवर ठेवतो.

आता गाठींबद्दल, कारण त्या शब्दानं तुमची झोप उडवलेली दिसते. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात लसिका ग्रंथी असतात. गळ्यातल्या ग्रंथी जशा सर्दीत सुजतात, तशाच या. मुलांमध्ये सोनोग्राफी केली की काही मिलिमीटरच्या ग्रंथी दिसणं अगदी नेहमीचं आहे, ठणठणीत मुलांतही त्या दिसतात. आपल्याकडे 'गाठ' म्हटलं की क्षयाची किंवा त्याहून वाईट भीती येते. तुमच्या मुलाचं वजन घटलेलं नाही, ताप नाही, भूक दुपारनंतर चांगली आहे. तुम्ही लिहिलेल्या मापाच्या गाठींसाठी काहीही करावं लागत नाही. मी सुरुवातीच्या काळात अशा मुलांच्या तपासण्यांवर तपासण्या करवल्या आहेत, आणि त्याची मला खंत आहे. प्रत्येक तपासणीनं मूल थोडं अधिक आजारी होतं. 'माझ्या आत काहीतरी आहे आणि ते कुणालाच सापडत नाही' असं त्याला वाटू लागतं.

पण एकदा नीट तपासून घ्यायला हवं होतं आणि ते तुम्ही केलंत, हे बरंच झालं. पुढे कधी झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं किंवा उंची खुंटणं, शीतून रक्त, हिरवी उलटी, सततचा ताप, लघवीला जळजळ, किंवा दुखणं बेंबी सोडून उजवीकडे खाली सरकणं, यातलं काही दिसलं तर शाळेचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. हे सगळं आज नसेल तर तिसरा डॉक्टर नको आणि दुसरी सोनोग्राफीही नको.

एक साधी गोष्ट मात्र तुमच्या पत्रात नाही आणि मला ती विचारायचीच आहे. त्याला रोज शी होते का? किती वाजता? कडक होते का? शाळेतल्या संडासात तो जातो का? माझ्याकडे एक मुलगी यायची. सकाळपासून घोटभरही पाणी पीत नव्हती, कारण शाळेच्या संडासाची कडी तुटलेली होती आणि मुलं दार ढकलायची. शी दाबून दाबून तिला खडा व्हायचा, मग पोट दुखायचं, मग शाळा नको व्हायची. घरच्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि तिला सांगायची लाज वाटत होती. तेव्हा हे आधी तपासा. नाश्त्यानंतर दहा मिनिटांनी आतड्यांना आपोआप ढकल मिळते, त्या वेळी त्याला पाच-दहा मिनिटं निवांत बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल द्या. लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही. त्यासाठी सकाळी वीस मिनिटं आधी उठावं लागेल आणि म्हणून रात्री आधी झोपावं लागेल. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये सांगितलं ते मुलांच्या झोपेचा विचार करूनच. शाळा नऊची आणि मूल रात्री साडेअकरापर्यंत मोबाइलपुढे, असं असेल तर त्या नियमाचा उपयोग नाही.

आता ती शेवटची ओळ.

तुमच्या मुलाच्या बाजूनं तो आठवडा पाहा. तो सकाळी शाळेत गेला तेव्हा आबा घरात होते. कदाचित त्यांनीच त्याच्या बुटाची नाडी बांधली असेल. शाळा सुटली तर दारात मावशी. पाच दिवस आई नाही, बाबा नाहीत, सगळे फोनवर हळू आवाजात बोलतात, तो आला की गप्प होतात. मग घरी आणलं तर आबांची खाट हललेली, भिंतीवर हार घातलेला फोटो, आजीचं कपाळ मोकळं, बाबांच्या डोक्यावर केस नाहीत, आणि सगळे सांगतात, आबा गावाला गेलेत. सात वर्षांच्या मुलाला हे पटत नाही, ताई. साधारण पाच ते सात या वयात मुलांना उमगू लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही. त्याला बहुतेक सगळं कळलेलं आहे. फक्त घरात कुणाशी त्याबद्दल बोलायचं नसतं, एवढंही त्याला कळलं आहे.

आणि त्यानं त्यातून एक हिशेब मांडला असावा: मी शाळेत गेलो की घरातलं माणूस नाहीसं होतं. दिवाळीच्या सुट्टीत तो बरा होता म्हणून तुम्हाला दोन्हींचा संबंध जाणवला नाही. पण सुट्टीत सगळे त्याच्या नजरेसमोर होते. तुम्ही लिहिलंय की तो तुमच्या मागे मागे संडासच्या दारापर्यंत येतो, आजी दुपारी झोपल्या की त्यांच्या नाकापाशी हात नेतो आणि तुम्ही त्याला 'खोडी काढू नको' म्हणून रागावता. तो श्वास तपासतो आहे.

मी मुलाला पाहिलेलं नाही, त्यामुळे हेच कारण आहे असं छातीठोक सांगणार नाही. शाळा नको म्हणणाऱ्या मुलांचे ढोबळ दोन गट मी मनात ठेवते: शाळेत काहीतरी आहे म्हणून जायचं नाही, आणि घरात काहीतरी होईल म्हणून सोडवत नाही. पहिल्या गटात कारणं बारीक असतात. एका मुलाला डब्याचं घट्ट झाकण उघडता येत नव्हतं, शेजारचा हसायचा, म्हणून तो उपाशी राहायचा. कुणाला पाढे उभं राहून म्हणायची धास्ती असते, कुणाला व्हॅनमधल्या मोठ्या मुलाची. तेव्हा शाळेची चौकशीही करा. व्हॅनमध्ये, संडासात, वर्गात कुणी त्रास देतं का, कुणी नको तिथे हात लावतं का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. असं काही असेल तर बाकी सगळं थांबवून आधी त्याला तिथून बाहेर काढायचं आणि तक्रार करायची. पण विचारताना 'शाळेत काय झालं?' असं समोर बसवून विचारू नका, त्यावर 'काही नाही' हेच उत्तर येतं. स्कूटरवर मागे बसलेला असताना, शेंगा सोलताना, अंधारात झोपायच्या आधी विचारा. डोळ्याला डोळा भिडत नाही तिथे मुलं अधिक बोलतात. 'शाळेतली सगळ्यात कंटाळवाणी वेळ कुठली?' असा प्रश्न चालतो. 'मी शाळेत असताना आई काय करत असेल, असं तुझ्या मनात येतं का?' हाही चालतो, आणि तुमच्या बाबतीत हाच विचारावा असं मला वाटतं.

मऊ की कडक, याचं माझं उत्तर असं आहे: दुखण्यावर पूर्ण विश्वास आणि शाळेला सुट्टी नाही. दोन्ही एकाच वाक्यात, एकाच आवाजात. तुमच्या घरात हे दोन तुकडे वेगवेगळ्या माणसांनी वाटून घेतले आहेत. तुम्ही आणि आजी विश्वास ठेवता आणि घरी ठेवता. वडील शाळेत पाठवतात आणि विश्वास ठेवत नाहीत. मुलाला दोन्हींतून अर्धंच मिळतं. घरी ठेवल्यानं नक्की काय होतं ते पाहा. भीती चढत जाते, चढत जाते, 'बरं, आज राहू दे' ऐकलं की झपकन उतरते. त्या सुटकेची चव मेंदू लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी भीती लवकर सुरू होते आणि अधिक जोरात येते. शिवाय शाळेत गेल्यावर दुपारी आई घरी सुखरूप असते, हे पाहण्याची संधी त्याला मिळतच नाही. त्याचा चुकीचा हिशेब दुरुस्त होण्याची जागा शाळेतून घरी परतण्याच्या त्या क्षणात आहे. प्रत्येक बुडवलेल्या दिवसाबरोबर आपण तो क्षण हिरावून घेतो.

सकाळी तुम्ही स्वतःहून 'आज दुखतंय का रे?' असं विचारायचं नाही. त्यानं सांगितलं तर हातातलं काम ठेवून, खाली बसून, पोटावर हात ठेवून ऐकायचं. मग म्हणायचं, "दुखतंय, कळलं मला. भीती वाटली की पोट आवळतं, थोड्या वेळानं सुटतं. पाच मिनिटं गरम पाण्याची पिशवी घेऊ, मग बूट घालू." एवढंच. समजावणं नाही, आमिष नाही, 'बाकीची मुलं बघ' नाही. तो रडेल. रडू द्या आणि बूट घालत राहा. तुमचा आवाज जितका कमी शब्दांत आणि जितका सपाट राहील तितकं बरं. पालकांची खरी परीक्षा या दहा मिनिटांत असते, आणि ती सोपी नाही हे मला माहीत आहे.

घरी कधी राहायचं याचा नियम आधीच ठरवा आणि त्याला सांगा: ताप, उलटी, जुलाब. कोरडे उमाळे त्यात मोजायचे नाहीत. आणि खरोखरच आजारी म्हणून राहिला, तर आजारी माणसासारखा दिवस जाईल: अंथरूण, मऊ भात, गोष्टीचं पुस्तक. टीव्ही, मोबाइल आणि दुकानात फेरी त्या दिवशी नाही. यात शिक्षेचा भाव येऊ देऊ नका.

पहिले दोन आठवडे वडिलांनी शाळेत सोडावं असं मी सुचवते. व्हॅन थोडे दिवस बंद ठेवा. ज्या माणसाला सोडवत नाही त्याच्याचकडून निरोप घेणं मुलाला सगळ्यात जड जातं. अशा मुलांचा निरोप दुसऱ्या पालकापाशी पुष्कळदा सोपा होतो. निरोप छोटा आणि रोज सारखाच असावा. पाठीवर हात, एक ठरलेलं वाक्य, आणि वळून निघायचं. गेटपाशी पंधरा मिनिटं रेंगाळणं वाईट, पण त्याची नजर चुकवून पळून जाणं सगळ्यात वाईट. या मुलाच्या आयुष्यात एक माणूस न सांगता गेलेलं आहे. निरोपाच्या वाक्यात 'लवकर येतो' नको. 'दोन वाजता आई निळ्या गेटपाशी उभी असेल' असं माणूस, वेळ आणि जागा सांगणारं वाक्य हवं.

वडिलांशी मला दोन शब्द थेट बोलायचे आहेत. दादा, तुमचे वडील जाऊन जेमतेम दोन महिने झालेत. तुम्ही दिवस घातलेत, बँकेचे, दवाखान्याचे कागद निस्तरलेत, आणि रोज सकाळी घरात हा रडण्याचा गोंधळ. तुमचा संताप कुठून येतो हे मला कळतं. पण भीतीनं आवळलेल्या पोटावर धपाटा बसला की भीतीची कारणं दोन होतात. ज्या दिवशी मारलंत त्या दिवशी तो शाळेत गेला, म्हणून उपाय लागू पडला असं वाटलं असेल. त्या रात्री त्यानं अंथरूण ओलं केलं, हे तुमच्या पत्नीनं लिहिलं आहे. त्याला एकदा सांगा की त्या दिवशी माझं चुकलं. आणि जमलं तर हेही सांगा की मलाही आबांची आठवण येते. तुम्हाला रडताना पाहून मूल कोसळत नाही. सगळे कोरडे चेहरे पाहून त्याला आपल्यातच काहीतरी बिघडलंय असं वाटतं.

आजींना दृष्ट काढू द्या. त्या मीठ-मोहऱ्या ओवाळतात तेव्हा तेवढा वेळ मुलाकडे घरातलं एक माणूस संपूर्ण लक्ष देऊन पाहत असतं, त्यात वाईट काही नाही. फक्त 'माझ्या लेकराला कुणाची नजर लागली गं' हे त्याच्यासमोर नको, त्यानं भीतीला आणखी एक चेहरा मिळतो. त्यापेक्षा आजींना दुसरं काम द्या, ते घरात फक्त त्यांनाच जमेल. संध्याकाळी दिवेलागणीनंतर दहा मिनिटं आबांची एक आठवण सांगायची. आबा लहानपणी विहिरीत कसे पडले, बाबाला सायकल कशी शिकवली, त्यांना कुठली भाजी मुळीच आवडायची नाही. सांगताना आजींचा गळा दाटला तर दाटू दे. आबांचा एखादा रुमाल मुलाला हवा असेल तर दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवू द्या. मागितला तरच, आपण होऊन हातात कोंबू नका.

वर्गशिक्षिकांना शाळा सुटल्यावर भेटा. त्यांच्यापुढे भरलेला वर्ग असतो, तेव्हा लांबण लावू नका. चार गोष्टी मागा. आल्या आल्या त्याला एक काम द्यावं, फळ्यावर तारीख लिहायचं किंवा खडू आणायचं, म्हणजे वर्गात शिरायचा क्षण पार पडतो. संडासला जायला सगळ्यांसमोर परवानगी मागावी लागू नये. पोट दुखलं तर दहा मिनिटं एका ठरलेल्या जागी बसू द्यावं आणि परत वर्गात आणावं, घरी फोन लावू नये. आणि 'काय रे, आज नाही का दुखलं?' असं वर्गासमोर कुणी विचारू नये. आबांबद्दलही सांगा. बऱ्याचदा शाळेला काहीच कळवलेलं नसतं आणि बाई बिचाऱ्या 'आजोबांविषयी पाच ओळी लिहा' असा गृहपाठ देऊन बसतात.

सुरुवातीचे तीन-चार दिवस त्रास वाढेल, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तिसऱ्या दिवशी तुम्ही सोडून द्याल. आजवर रडलं की सुटका व्हायची, ती होत नाही म्हटल्यावर मूल आधी अधिक जोर लावतं. त्यानंतर उतार लागतो. सोमवारी आणि प्रत्येक सुट्टीनंतर थोडं मागे जाईल. एका वहीत तारीख, किती वाजता दुखलं, किती वेळ, आणि तो शाळेत पोचला की नाही, एवढं लिहून ठेवा. वही मुलाला दाखवायची नाही. दोन आठवड्यांनी तुम्हाला स्वतःला ती लागेल, कारण थकलेल्या माणसाला काहीच फरक पडला नाही असंच वाटत असतं.

तीन आठवडे हे सगळं नेटानं करूनही तो शाळेत पोचत नसेल, रोज रात्री दचकून उठत असेल, खाणं सुटलं असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांबरोबर काम करणारे समुपदेशक यांना भेटा. यात कमीपणा नाही. जिल्हा रुग्णालयात चौकशी केलीत तर तिथूनही वाट मिळते. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ वर दिवसरात्र कधीही मराठीत बोलता येतं, आणि तिथे तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. आणि 'मला आबांकडे जायचंय' असं तो म्हणाला तर थांबा आणि विचारा, म्हणजे काय करायचंय? पुष्कळदा त्याचा अर्थ आठवण येते एवढाच असतो. पण मरून जायचंय असा अर्थ निघाला, तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवायचं.

तुम्ही विचारलंय, आम्ही त्या वेळी चुकलो का. पेपर बुडू नये, लेकरानं ते रूप पाहू नये, म्हणून केलंत. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच करतात आणि मायेपोटीच करतात. पण आता ते दुरुस्त करायला हवं, आणि शाळेचा सगळा बेत सुरू करायच्या आधी. शनिवारी दुपारी बसा, रात्री नको. तुम्ही दोघं आणि तो. हातात काहीतरी काम असू दे. सांगायचं ते असं: "आबा गावाला गेलेत असं आम्ही तुला सांगितलं, ते खरं नव्हतं. आबा वारले. त्यांचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले पण ते परत चालू झालं नाही. ते आता परत येणार नाहीत. तुला आम्ही लगेच सांगायला हवं होतं." 'झोपले' म्हणू नका, मुलं मग झोपायला घाबरतात. 'देवाला चांगली माणसं आवडतात' असंही नको, त्यावरून मूल चांगलं वागायलाच बिचकतं. आणि एक वाक्य तो विचारो न विचारो, सांगाच: "तू शाळेत गेलास म्हणून हे झालं नाही. तू घरी असतास तरी झालं असतं." मुलं अशा गोष्टींचा दोष स्वतःकडे घेतात आणि तो कुणाला बोलून दाखवत नाहीत.

तो कदाचित काहीच बोलणार नाही, उठून खेळायला जाईल. जाऊ द्या. दोन दिवसांनी आंघोळ करताना, भलत्याच वेळी, विचारेल: "आई, तू पण मरशील?" या प्रश्नाला 'छे, असं बोलू नये' म्हणून तोंड बंद करू नका, आणि 'कधीच नाही' असंही सांगू नका, एकदा खोटं सांगून झालेलं आहे. म्हणा, "सगळेच कधीतरी मरतात. बहुतेक माणसं खूप म्हातारी होऊन मरतात. मी आता धडधाकट आहे, आणि तू मोठा होईपर्यंत तुझ्याजवळ राहायचं माझ्या मनात आहे. तुझी काळजी घ्यायला बाबा आहेत, आजी आहे, मावशी आहे. आणि उद्या दोन वाजता मी निळ्या गेटपाशी असेन." दुसऱ्या दिवशी मग दोनला दहा कमी असतानाच तिथे जाऊन उभ्या राहा, म्हणजे वर्गातून बाहेर पडताना त्याला तुम्ही लांबूनच दिसाल.